मुलाच्या नखात रंग होता

पाठीला सॅक लावलेली मी कशी दिसते, ते माझ्या नवऱ्यानं दारातच सांगितलं होतं. म्हणाला, गॅसचा सिलिंडर घेऊन निघालीयस. नव्वद सालानंतरची गोष्ट ही, नक्की साल विचारू नका, पण आमच्या आळीत केबल नुकती आली होती आणि संध्याकाळी सगळ्या बायका एकाच घरात जमायच्या, ते दिवस. दिवाळी होऊन गेली होती, तुळशीचं लग्न व्हायचं होतं. आम्ही तिघी, तिघीही लेकुरवाळ्या, साड्या नेसलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. घरी सांगितलं होतं, रोह्याला जातो, अवचितगड बघतो, दुसऱ्या दिवशी परत येतो. घरच्यांना वाटलं, बायकांना वेड लागलं. म्हटलं वाटू दे. खरं कारण वेगळंच होतं आणि ते तिघींच्या पोटात होतं.

तिघींतली एक आमच्या इथल्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला होती. आखणी म्हणजे मूर्ती रंगवून, दागिने काढून झाले की सगळ्यात शेवटी डोळे काढतात ना, ते काम. दोन केसांच्या ब्रशानं करायचं. श्वास जरा चुकला की गणपती तिरळा. पेणपासून जोह्यापर्यंत तिला मागणी असायची. मी त्याच कारखान्यात दागिन्यांना सोनेरी लावायला जायचे, म्हणजे तिच्या एक पायरी खाली. तिसरी आमची शेजारीण. तिला आम्ही भाभी म्हणायचो. नवरा आखातात, माहेर अष्टमीचं, म्हणजे रोह्याहून पूल ओलांडला की पलीकडे. सॅक तिच्याच होत्या. नवऱ्यानं पोरांसाठी पाठवलेल्या, चार-चार कप्प्यांच्या, कुठली चेन कुठं उघडते ते शेवटपर्यंत मला कळलं नाही.

तर कारण सांगते. आखणीवालीच्या मोठ्या मुलीला रोह्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत, कायम. गडाच्या पायथ्याशी गाव, स्वतःचं घर, विहीर. घरचे पुरुष जाऊन चहा पिऊन आले होते आणि घर चांगलं आहे म्हणत होते. पुरुषांची चौकशी तेवढीच असते, कौलं मोजायची आणि चहा कसा होता ते सांगायचं. मग मुलगा मुलगी बघायला पेणला आला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. पोहे खाताना पण बाह्या वर केल्या नाहीत. बोलायला नम्र, दिसायला बरा. सगळे खूश. येत्या रविवारी होकार कळवायचा ठरला.

आणि त्या रात्री आखणीवाली माझ्याकडे आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "त्याच्या नखात रंग हाय गो."

मी म्हटलं, कसला रंग? म्हणाली, नखाच्या मुळाशी, कातडीत, गुलाबी. अंगाच्या रंगासारखा. आता गणपतीच्या अंगाला जो गुलाबीसर रंग देतात तो आमच्या सगळ्यांच्या नखांत असायचा, त्यात नवल नव्हतं. पण कंपनीतल्या माणसाच्या नखात तो कशाला येईल? तिनं मनाशी जुळवून टाकलं होतं. मुलगा कंपनीत नाहीच. कुठल्यातरी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो आणि आपल्याला फसवतायत. मी म्हटलं, कार्तिकात कोण रंगवतं? आत्ता तर कारखाने झोपलेले. तर म्हणाली, माघी गणपतीचं काम नाय का चालत?

हे तिला एवढं का लागलं, ते सांगायला पाहिजे. ती आखणीच्या घरात जन्मली आणि आखणीच्या घरातच दिली. जन्मभर श्रावणात झोपली नाही. पोरं पाळण्यात रडायची आणि हिचा हात डोळ्यावर, ब्रश खाली ठेवता येत नाही. गणपती गेले की आठ महिने हाताला काम शोधायचं. लोक नागपंचमी, मंगळागौर करतात तेव्हा आमच्या कारखान्यातल्या बायका चहावर जगतात. तिनं ठरवलेलं होतं, मुलगी कारखान्याच्या घरात द्यायची नाही. मला एकदा म्हणाली होती, "माझ्या पोरीनं श्रावणात झोपलं पाहिजे." तेवढंच तिला हवं होतं. दागिने नको, मोठं घर नको. आणि त्यासाठीच तिला कंपनी हवी होती, ठरल्या वेळी भोंगा आणि ठरल्या वारी सुट्टी.

मग भाभी म्हणाली, तुम्ही दोघी नुसत्या कुढत बसू नका, माझं माहेर आहेच तिथं, जाऊ आणि बघून येऊ. पण जायचं काय म्हणून? त्या गावात तीन परक्या बायका फिरल्या तर गाव विचारणारच. तेव्हा गडाची कल्पना निघाली. मुंबईची कॉलेजातली मुलं सॅक लावून गडावर जातात, गावातून जाताना पाणी मागतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. आम्हाला वाटलं, आम्हालाही विचारणार नाहीत. आमचं डोकं बघा.

पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागली तेव्हा गर्दी नव्हती. पण सॅक पाठीला असताना बसता येत नाही, हे आम्हाला बसल्यावर कळलं. तिघी आळीपाळीनं उठून त्या फळीवर चढवत होतो. कंडक्टर बघत होता. त्या दिवसांत मुंबईतल्या स्फोटांनंतर गाड्यांमधून पाट्या लावल्या होत्या, बेवारस सामानाला हात लावू नका म्हणून. लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे बघायला लागले होते. मागच्या बाकावर सफारी घातलेला एक गृहस्थ होता, त्यानं विचारलं, कुठे? म्हटलं गडावर. म्हणाला, कोणाच्या गडावर? कोण राहतं तिथं? म्हटलं कोणी नाही राहत, म्हणून तर चाललोय. त्यानं तोंड फिरवलं, पण कान आमच्याकडेच.

नागोठणं गेलं. आखणीवाली खिडकीतून बाहेर बघत होती आणि मधूनच माझ्या कानाशी लागून एकेक शंका काढत होती. मध्यस्थानं कंपनीचं नाव नीट का नाही सांगितलं? नुसतं 'धाटावच्या बाजूला' का म्हणाला? मुलाची आई पेणला का नाही आली, पाय दुखतात म्हणे, पाय काय त्याच दिवशी दुखायचे होते? मी प्रत्येक शंकेला उत्तर देत होते आणि देता देता माझाही विश्वास उडत चालला होता. संशयाचं असंच असतं, समजूत घालणाऱ्यालाच आधी लागतो.

भिसे खिंडीत गाडी चढ चढत होती, इंजिन रडत होतं, आणि फळीवरच्या सॅकमधून कसलातरी आवाज सुरू झाला. आधी किर्रर्र, मग घणघण. गाडीतलं बोलणं एकदम थांबलं. कोणीतरी म्हणालं, कोणाची बॅग आहे ती? सफारीवाला उठून दाराकडे गेलासुद्धा. कंडक्टरनं दोरी ओढली, ड्रायव्हरनं गाडी चढावरच थांबवली, आणि लोक पोरांना काखेत मारून खाली उतरले. आम्ही तिघी आत. कंडक्टर दाराच्या पायरीवरून म्हणतो, ताई, ती तुमची बॅग तुम्हीच खाली आणा. भाभीचा चेहरा बघवत नव्हता. तिनं सॅक काढली, सगळ्या चेनी उघडल्या, शेवटच्या कप्प्यात सापडलं. गजराचं घड्याळ. नवऱ्यानं तिच्या अम्मीसाठी पाठवलेलं, नमाजाच्या वेळेला वाजणारं. सॅक फळीवर चढवताना दाबला गेला असेल गजर.

सगळे हसले. कंडक्टर तर पोट धरून. मग सफारीवाल्यानं भाभीला नाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि तो हसायचा थांबला. पुन्हा आत येऊन बसताना त्यानं जागा बदलली. आखणीवाली एरवी मोठ्यानं बोलत नाही, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "घड्याळ आमच्या तिघींचं हाय. आमचीपण नावं लिहून घ्या." भाभी घड्याळ मांडीवर घेऊन रोह्यापर्यंत बसली. मी तिचा हात धरला, तिनं धरू दिला. दुसऱ्यानं आपल्या पिशवीवर संशय घेतला की कसं वाटतं, ते त्या खिंडीत कळलं. आणि आम्ही स्वतः कशाला निघालो होतो? हे तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय.

अष्टमीला भाभीच्या अम्मीनं आमचे बूट बघितले आणि तिला हसू आवरेना. मुगाची खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण, वर पापड. भाभीच्या भावानं सांगितलं, गावापर्यंत सकाळी गाडी आहे, पण गडावर एकट्या जाऊ नका, वाट रानातली आहे. आम्ही हो म्हटलं.

सकाळी गावात उतरलो तेव्हा भात कापून झालेला होता, खाचरांत वाल पेरायची गडबड चालली होती. माणसं शेतात, त्यामुळे गाव रिकामंच. घर शोधायला लागलं नाही, पुरुषांनी खुणा सांगितलेल्याच होत्या. विहीर आणि तिच्याकडेला रामफळाचं झाड. आम्ही कुंपणाशी उभ्या राहिलो आणि तिघींनाही एकदमच दिसलं. अंगणातल्या दोरीवर उशांचे अभ्रे, बनियन, चादर वाळत घातलेली, आणि सगळ्यांवर गुलाबी डाग. अभ्र्यांवर तर मधोमध गोल, जणू कोणी गुलाबी तोंडानं झोपलं होतं. घराच्या मागं एक पडवी, दाराला कुलूप, खिडकीला आतून गोणपाट लावलेलं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून आमच्या कारखान्यात लावतात, अगदी तसंच.

आखणीवालीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात काढला.

आतून बाई आली. पन्नाशीची, पदर घट्ट, हातात ब्रश, कपडे घासायचा. हीच मुलाची आई, पायांना काही झालेलं दिसत नव्हतं. दारात उभी राहिली पण पायरी उतरली नाही. भाभी पुढे झाली आणि म्हणाली, मावशी, गडावर चाललोय, पाणी मिळेल का. बाईनं आमच्या सॅक बघितल्या, बूट बघितले, साड्या बघितल्या.

"गडावर बायका कशाला जातात?" तिनं विचारलं.

बघायला, भाभी म्हणाली.

"काय हाय बघायला? दगड हायेत. सरकारी इंजेक्शनवाल्या तर नाय ना तुम्ही?"

नाही म्हटलं. पाणी मिळालं, पण तिघींना एकाच तांब्यातून आणि उभ्या उभ्याच. आखणीवाली पाणी पीत होती आणि डोळे त्या पडवीवर. तिची नजर कुठे जाते ते बाई बघत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, कपड्यांना रंग लागलाय वाटतं. बाईनं पटकन उत्तर दिलं, होळीचा. कार्तिकात. तिलाही ते बोलल्यावर कळलं असणार, कारण ती पायरी उतरून दोरीवरचे अभ्रे ओलेच काढायला लागली.

आणि इथं मी घोळ केला. पेणची बाई कोणाच्या घरचं पाणी पिऊन रिकाम्या हातानं निघत नाही. माझ्या आईनं तसं केलं नाही, मीही कधी केलं नाही. हात आपोआप सॅकमध्ये गेला आणि मी पोह्याच्या पापडांचं पुडकं काढून तिच्या हातात दिलं. तिनं पुडकं नाकाशी नेलं, मग आमच्याकडे बघितलं, एकेकीकडे. "पेणच्या काय तुम्ही?" मी हो म्हणून गेले. तिनं पुडकं पायरीवर ठेवलं आणि घरात जाऊन कडी लावली.

वाटेला लागल्यावर आखणीवालीनं मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. भाभीनंही तिचीच बाजू घेतली. म्हणाली, अगो चोरी करायला जाताना पण तू पापड घेऊन जाशील. मग परत जायचं की गडावर जायचं? गावातून उलट पावली गेलो तर सगळंच उघडं पडणार. म्हणून चढलो.

गड काय सोपा नाही. रान इतकं दाट की भर सकाळी सावली. पाचोळ्यात वाट हरवली, दोनदा ओढ्याच्याच घळीत गेलो. भाभीचा पाय घसरला आणि ती सॅकवर उताणी, कासवासारखी, तिला दोघींनी ओढून उभं केलं. झाडावरची वानरं आमच्यावर लक्ष ठेवून होती. भाकरी सोडली तेव्हा त्यातला एक हुप्प्या इतका जवळ आला की आखणीवालीनं सुकटीच्या चटणीचा डबा त्याच्याकडे सरकवला आणि आम्ही कोरडी भाकरी उभ्यानं खाल्ली. या सगळ्यात आखणीवालीचं एकच चाललं होतं. बघितलंस ना, पडवीत मूर्ती हायेत. गोणपाट बघितलंस ना. होळीचा म्हणे. रविवारी नाही म्हणून सांगते. माझी पोर मी त्या पडवीत बसवणार नाही.

वर पोचलो. पाण्याची टाकी, पडकी तटबंदी, वारा. खाली कुंडलिका नदी वळणं घेत गेलेली, पलीकडे अष्टमी, आणि इकडे कंपन्यांची धुराडी. एकाचा धूर पांढरा, एकाचा पिवळट. आखणीवाली कठड्यावर बसून धुराड्यांकडे बघत राहिली. म्हणाली, यातलं एकपण त्याचं नाय.

मला मात्र मघापासून एक गोष्ट खुपत होती. मी म्हटलं, आपण एवढी वर्षं रंगात आहोत, आपल्या उशीला कधी रंग लागला का? हातांना लागतो, नखांत जातो, रॉकेलनं पुसला की निम्मा जातो. पण उशीला, बनियनला आतून? ती म्हणाली, तसाच रंगाच्या हातानं झोपत असेल, गलिच्छ. पण बोलताना तिचा आवाज उतरला होता. भाभी म्हणाली, डाग हाताचे नव्हते गो, घामाचे होते. तोंडाचा घाम. मग तिघी उतरायला लागलो.

रान संपतं तिथं एक सायकल झाडाला टेकवलेली होती आणि मुलगा उभा होता. पहिल्या पाळीहून परस्पर आला असणार. आईनं निरोप धाडला होता. आज बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हात मनगटापर्यंत गुलाबी, वरती फिके होत गेलेले, कानाच्या मागे गुलाबी, डोळ्यांच्या कडांना गुलाबी. मी गणपती रंगवणारी, तरी मला माणसाला असा रंग चढलेला बघवेना.

"मावशी," तो आखणीवालीला म्हणाला, "विचारायचं व्हतं तर मला विचारायचं. गड कशाला चढलात."

ती म्हणाली, "विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

त्यानं थोडा विचार केला. "नसतं सांगितलं."

मग त्यानं सगळं सांगितलं, आम्ही न विचारता. कपड्यांच्या रंगाची कंपनी. हा सुक्या पावडरीच्या खात्यात. पावडर इतकी बारीक की तोंडाला फडकं बांधलं तरी आत जाते. आंघोळीला पाणी गुलाबी, घाम गुलाबी. सुट्टीत आठवडाभर घरी राहिला तरी रंग कातडीतून निघत राहतो. पेणला येण्याआधी ब्लिचिंग पावडरनं हात घासले, कातडी सोलली गेली, म्हणून बाह्या खाली. पडवीत मूर्तीबिर्ती काही नाही, कंपनीचे कपडे असतात, आई ते घरात येऊ देत नाही. याआधी दोन स्थळं आली होती. एकांनी हात बघितले आणि रोग आहे म्हणाले, दुसऱ्यांनी कळवलंच नाही. तेव्हापासून आई सांगते, लग्न होईपर्यंत झाकून ठेव.

आता बघा, आखणीवालीला जे पाहिजे होतं ते तिला तिथं मिळालं होतं. मुलगा कारखान्यातला नव्हता. कंपनी खरी, कायम खरं, भोंगा खरा. मला वाटलं ती सुटकेचा श्वास टाकेल. पण ती त्याच्या हातांकडेच बघत होती, डोळे काढताना मूर्तीकडे बघते तशी, पापणी न हलवता.

"आणि आत?" तिनं विचारलं. "छातीत जातो तो?"

तो हसला. "आत कोण बघायला गेलंय मावशी. खोकलो की कधी कधी रुमालाला लागतो."

ती हसली नाही. त्यानं खातं बदलून मागितलं का, असं तिनं विचारलं. मागितलं होतं, पॅकिंगमध्ये, पण तिथं जागा निघेल तेव्हा. किती जण आहेत पुढे? बरेच. त्यानं आमच्या सॅक सायकलच्या हँडलला अडकवल्या आणि स्टॉपपर्यंत चालत आला. जाता जाता पापडांसाठी आईनं आभार सांगितलेत म्हणाला. खरं की त्याच्या पदरचं, कोण जाणे.

परतीच्या गाडीत ती स्वतःची नखं बघत बसली. मला वाटत होतं नकार देईल. रविवारी घरात पुरुष जमले, मध्यस्थही आला, आणि तिनं आतल्या दारातून सांगितलं की मुलगा पसंत आहे, पण लग्न तो पावडरीच्या खात्यातून निघाल्यावर. तोपर्यंत नाही. मध्यस्थाचा चहा हातातच राहिला. नवरा म्हणाला, असं कोण सांगतं, लोक काय आपल्यासाठी थांबणार आहेत? सासरे म्हणाले, कंपनीचं काम आता बायका ठरवायला लागल्या. आणि तुला पावडरीचं सांगितलं कोणी, हेही विचारलं, तेव्हा गडाची सगळी कथा बाहेर आली. आठवडाभर आमच्या तिघींच्या घरांत कोणी धड बोलत नव्हतं.

मुलीला तिनं आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. उशा, रुमाल, सगळं. मुलीनं एवढंच विचारलं होतं की तो खोटं बोलला का. आई म्हणाली, विचारल्यावर नाही बोलला. तर मुलगी म्हणाली, "मग थांबू."

मुलाकडचे रागावले. त्याची आई तर म्हणाली म्हणे, चोरपावलानं घर हुंगून गेल्या आणि वर अटी घालतात. पण मुलानं दुसरीकडे बघायला नकार दिला. त्या वर्षीची तुळशीची लग्नं होऊन गेली. गणपती आले, गेले, मुलगी आईच्या शेजारी बसून आखणी शिकायला लागली, श्रावणात दोघी जाग्या. आई तिला झोप म्हणायची, ती झोपायची नाही. दुसरी दिवाळी झाली आणि मध्यस्थ धावत आला. बदली झाली, मुलगा पॅकिंगमध्ये गेला, आता मुहूर्त काढा.

सगळ्यांनी पेढे वाटले. आखणीवाली दुपारी माझ्या ओट्यावर. म्हणाली, हा मध्यस्थ मागच्या वेळी पण सगळं खरंच सांगत होता. मी सॅक शोधायला आत गेले.

या वेळी मुलगी आमच्याबरोबर होती, आणि घरी काय सांगितलं ते विचारू नका. रोह्याहून दुसऱ्या गाडीनं कंपन्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि पहिली पाळी सुटायची वाट बघत चहाच्या टपरीशी उभ्या राहिलो. भोंगा झाला. माणसं निघाली. कोणी पिवळा, कोणी हिरवा, एकजण निळा, केसांपासून. भाभी मनातल्या मनात काहीतरी म्हणत होती. टपरीवाला म्हणाला, कोणाला शोधताय ताई?

तो दिसला तेव्हा मुलगीच आधी निघाली. रस्ता ओलांडून सरळ त्याच्यासमोर. तो दचकला, मग सायकल स्टँडला लावून दोन्ही हात पुढे केले, सगळ्या पाळीच्या माणसांदेखत. ते काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्याचे हात कसे होते, तेही मी नाही बघितलं, मी तिच्या आईकडे बघत होते. ती डोळे बारीक करून, मान जराशी तिरकी करून बराच वेळ बघत होती. मुलगी कशाला तरी हसली. तेव्हा आईनं पदरानं मान पुसली आणि मला म्हणाली, "हात सोलपटलेले नायत. धुतलेले पण नायत. खाकी कागदाचा भुसा हाय नखात, पॅकिंगचा." आणि भाभीला म्हणाली, चल, चहाचे पैसे दे, पाचवा चहा त्याच्यासाठी सांग.